करडाचं वाकडं हसू

परत तेच विचारू नका, आबा. ‘कुणी सांगितलं असंल गं?’ बास झालं आता. मिरजेच्या दवाखान्यात भिंतीकडं तोंड करून पडल्या पडल्या तुम्ही हेच विचारत होता, आणि मी दर वेळी ‘काय माहीत’ म्हणून संत्रं सोलत बसायची. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली तरी तुमचं विचारणं थांबत नाही. मी कणीक मळताना विचारता, बसमध्ये डोळा लागला की विचारता. म्हणून आज उत्तर देते. एकदाच देणार, आणि मी बोलत असताना मधे बोलायचं नाही. तुमच्या हाताचं टीव्हीवाल्यांना कुणी सांगितलं, तुमची तेरा भागांची मालिका कुणामुळं गेली, एवढंच सांगायचंय. पण ते सरळ सांगता येत नाहीये, मला जरा लांबून यावं लागेल.

साताऱ्याच्या स्टँडवर बसलेय. सांगलीची गाडी अजून लागलेली नाही. सकाळी इथल्या एका कॉलेजात सुट्टीतल्या शिबिराला गेले होते. मी कथा लिहिते आबा, तुम्हाला हे ठाऊक नाही. शेंडाबुडखा नसलेल्या लिहिते. लोकांना त्या कळत नाहीत आणि कळत नाहीत म्हणून बोलावतात. तिथं एक पोरगी उठली आणि म्हणाली, “मॅडम, तुमच्या कथांत आई हाय, मावशी हाय, कुत्रीसुदिक हाय. बाप का न्हाई?” सगळा वर्ग हसला. मीपण हसले. तिथनं निघाले ती थेट त्या शाळेवर गेले, जिथं तुमचं शूटिंग झालं होतं. मे महिना, शाळा बंद. खिडकीतनं हॉल बघितला. बाकं एकावर एक रचून ठेवलीत. वास घेतला. काही नाही, धुळीचा वास. मला दुसरा वास येईल असं वाटलं होतं.

करडू जन्मलं तेव्हा मी सहा वर्षांची. काका मिलिटरीतनं सुट्टीवर आला होता, त्याचा लोकरीचा मोजा, मातकट हिरवा, टाचेला विरलेला. तुम्ही त्याला आईच्या लाल झंपराचं तोंड शिवलंत, शर्टाची दोन बटणं डोळ्यांना लावलीत, जुन्या पाकिटाच्या रेक्झिनचे कान केलेत. आई चुलीपुढनं म्हणाली, “आवं, ह्ये करडू हाय का घूस?” तुमच्या हातातलं करडू सावकाश तिच्याकडं वळलं. “वैनी, चष्मा लावा की.” आणि आई लाजली! तुमच्यापुढं कधी लाजायची नाही ती, मोज्यापुढं लाजली. मग तुम्ही शिकवायचा त्या नगरपालिकेच्या शाळेत ते नेलंत. मास्तरपुढं तोंड न उघडणारी पोरं करडाला पाढे म्हणून दाखवायला लागली. करडू मुद्दाम चुकायचं, पोरं त्याला शिव्या देऊन बरोबर करायची. पुढं आरोग्य खात्यानं तुम्हाला जत भागात गावोगाव खेळ करायला नेलं. अंगावर फिकट चट्टा आलाय का, त्याला टोचलेलं कळतंय का, औषध फुकट हाय, घाबरू नका. सुट्टीत मी पेटी धरायला यायची. सगळा खेळ मला पाठ होता. “औषध सुरू झालं की कुणाला लागण हुईत न्हाई. माणसाला घराभायेर काढू नका, त्येचं ताट येगळं ठेवू नका.” हे करडू म्हणायचं तेव्हा म्हाताऱ्या माना हलवायच्या, आणि खेळ संपला की घरी जाऊन ताट वेगळंच ठेवायच्या. तुम्हीच म्हणायचा हे.

खेळ संपल्यावरची तुमची एक रीत होती. पडदा सोडायचा, पायरीवर बसायचं, आणि करडू हातातनं काढून ज्याला पाहिजे त्या पोराच्या हातात घालायचं. “घाल हात. ऊब हाय का? जितं हाय न्हवं?” आत तुमच्या हाताची ऊब असायची. पोरं डोळे मोठे करायची. ती ऊब पहिल्यांदा मला मिळाली, करडू शिवून झालं त्याच संध्याकाळी, हे मी कुणालाही सांगू शकते. तुम्ही मला दुसरं काही दिलं नाही असं नाही. पण मागं वळून बघितलं की तेवढंच हाताला लागतं.

टीव्हीच्या मॅडमनी तुम्हाला असल्याच एका खेळात बघितलं. मग महिन्यातनं एकदा तुम्ही एसटीनं त्यांच्या स्टुडिओत जायचा, पोरांच्या कार्यक्रमात पाच मिनिटं करडू दाखवायचा आणि परत यायचा. तुमचा चेहरा कधी दिसला नाही, नाव कधी आलं नाही. चाळीतली माणसं म्हणायची, “मास्तर, तुमी टेबलाखाली असता व्हय?” तुम्ही म्हणायचा, “खालीच. आपली जागाच ती.” आणि हसायचा. मला तुम्ही तिथली विद्या घरात शिकवलीत. खाटेखाली बसायचं, हात वर, आणि समोर आरसा. “हाताकडं बघायचं न्हाई. हात आपला न्हाईच, असं धरायचं. काचंत बघायचं. काचंत करडू दिसतंय, त्येच्या डोळ्याकडं ध्यान. नजर ढळली की मेलं.” तिथं मॉनिटर असतो, त्याला तुम्ही काच म्हणायचा. तासन्‌तास हात वर धरून, खाली बसून, काचेत बघणं. हात कुठाय, कशाला लागतोय, विसरायचं. तुम्हाला ते फार छान जमायचं. का जमायचं ते नंतर कळलं.

जत भागातल्या एका वाडीत खेळ संपला, पोरं पायरीशी आली, आणि तुम्ही करडू पेटीत ठेवून कडी लावलीत. “आज करडू दमलंय. झोपलंय.” एक बारकी पोरगी रडायला लागली. तिची आई कानडीत काहीतरी बोलली, तुम्ही मान खाली घातलीत. मी दहावीत होते, मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. कळलं आठ दिवसांनी. तुम्ही चुलीवरचा तवा हातानं उचलून खाली ठेवलात. फडकं नाही, चिमटा नाही. आईनं बघितलं, मी बघितलं. तुम्ही आमच्याकडं बघितलंत, मग हाताकडं. त्या संध्याकाळी तुम्ही करडू डाव्या हातात घातलंत. डाव्या. आणि ते माझ्याशी बोललं. “पोरी, मास्तरला चट्टा आलाय. टोचून बघितलं, कळत न्हाई. मिरजंला जाऊन गोळ्या आणल्यात, सांगलीत न्हाई, सांगलीत वळखीची लय. दोन वर्सं खायाच्या. बरं हुतंय. कुणाला बोलायचं न्हाई. बोलशील?” मी म्हटलं, “न्हाई.” करडाला म्हटलं ते, तुम्हाला नाही. हा वकिली मुद्दा मी कितीतरी वेळा स्वतःपुढं मांडलाय.

गोळीनं लघवी लाल व्हायची. चाळीचा संडास सामाईक, म्हणून तुम्ही तीन तीन बादल्या ओतायचा, आणि शेजारची म्हातारी म्हणायची, “मास्तर म्हंजी लय सोच्छ मानूस.” आई तोंडाला पदर लावायची. हसायला का रडायला, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि ताट. आपल्या घरात कुठलंच भांडं कुणाचं नव्हतं, तुमचा नियमच तो. आज्यानं दीक्षा घेतली त्याच्या आधी गावच्या हॉटेलात त्याचा कप वेगळा होता, बाहेर वळचणीला अडकवलेला, कान तुटका. तो स्वतः विसळायचा, आत चहा प्यायचा नाही. तुम्ही लहानपणी तो कप बघितला होता, हातात घेतला होता. म्हणून आपल्या घरात पाहुण्याला नवा कप, नोकरदाराला चांगला कप असलं काही चालायचं नाही. “भांडं भांड्यात जाईल, माणूस माणसात.” हे तुमचं वाक्य. आता हे इथंच राहू दे. मला परत याच्यावर यायचंय आणि यायची इच्छा नाही.

गोळ्या खाऊन रोग थांबला, पण जे गेलं ते आलं नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं. करडाच्या वरच्या जबड्यात ती बोटं असायची, त्यामुळं करडाचं तोंड एका अंगाला पडायला लागलं. बोलताना एक ओठ खाली. हसलं की वाकडं. तुम्ही घाबरलात, आता टीव्हीवाले नको म्हणणार. आणि मॅडम काय म्हणाल्या? “मास्तर, काय एक्स्प्रेशन आणलंत! खट्याळ झालंय अगदी!” पोरांची पत्रं यायला लागली. वाकडं हसणारं करडू. शाळेत पोरं मधल्या सुट्टीत तोंड वाकडं करून बोलायची. तुमची बोटं आत वळत होती आणि सगळ्या महाराष्ट्रातली पोरं त्यांच्यासारखं वाकडं हसत होती. हे मी कथेत लिहिलं तर संपादक म्हणेल, जरा जास्त होतंय.

त्याच हसण्यावर तुम्हाला मालिका मिळाली. तेरा भाग, नुसतं करडू, आणि शेवटी पाटीवर तुमचं नाव. तुम्ही कागद आईला दोनदा वाचून दाखवलात, नावाच्या जागी आवाज चढवून. शूटिंग साताऱ्यात, शाळेच्या हॉलमध्ये, मेच्या सुट्टीत. मला बरोबर घेतलंत. नवीन शर्ट घेतलात, टेबलाखाली बसायला! आई म्हणाली, “कोन बघनार हाय?” तुम्ही म्हणालात, “पाटीवर नाव येनार हाय की.”

तिसऱ्या दिवशीची सकाळ. मॅडम मजेत होत्या, करडाच्या नाकाचा त्यांनी मुका घेतला, मग मला म्हणाल्या, “तुला येतं का गं? दाखव बघू.” करडू टेबलावर पालथं पडलेलं. मी दहा वर्षं वाट बघत होते कुणीतरी हे विचारायची. हात आत गेला, मनगटापर्यंत, अजून ऊब होती, आणि तुमची फूटपट्टी माझ्या मनगटावर बसली. “काढ हात! काढ म्हंतो न्हवं! अक्कल इकून खाल्ली का?” कॅमेरावाला हसला. “मास्तर, वारसदार नको वाटतं.” तुम्हीही हसलात त्याच्याबरोबर. तुम्ही का मारलंत ते मला माहीत होतं. माहीत असून राग आला, हे नीट ऐका. गावोगाव तुमचं करडू सांगत होतं की औषध सुरू झालं की लागण होत नाही. वर्ष उलटून गेलं होतं गोळ्या सुरू होऊन. मग माझा हात का काढलात? तुमचा तुमच्याच करडावर विश्वास नव्हता आबा.

दुपारी तो सीन. करडू बाजारात जातंय, दुकानदाराला फसवतंय. कॅमेरावाला म्हणाला, “मास्तर, कोपर येतंय फ्रेममध्ये, थोडं बाजूला.” तुम्ही सरकलात. काचेत बघत. काचेत सगळं बरोबर दिसलं, कोपर गेलं, करडू मधोमध आलं, नजर लेन्सला. तिकडं बाजूला दिवा होता, त्याच्या तोंडाला पत्र्याची झडप. तुमच्या हाताची मागची बाजू त्या पत्र्याला टेकली आणि टेकूनच राहिली. दुसरा कुणीही ओरडून उठला असता. करडू बोलत होतं. “शेटजी, वजन बरोबर हाय का? मला येडं समजू नगा.” वास आला. लोकर जळाली की केस जळाल्यासारखा वास येतो, म्हणून आधी सगळ्यांना वाटलं करडूच करपतंय. मग वास बदलला. दिव्यावाला धावला, “अहो मास्तर, हात! हात बघा!” तरी तुम्ही वाक्य पुरं केलंत. करडू वाकडं हसलं. मग दिवा गेला आणि तुम्ही टेबलाखालनं बाहेर आलात, आणि सगळे तुमच्या हाताकडं बघत होते आणि तुम्ही सगळ्यांच्या तोंडाकडं. मोजा कातडीला चिकटला होता. तुम्ही म्हणालात, “काय न्हाई, काय न्हाई. टेक कसा आला?”

तुम्हाला जीपमधनं दवाखान्यात नेलं. मी व्हरांड्यात बसले. मॅडम चहा घेऊन आल्या, एक माझ्यासाठी. शेजारी बसल्या. “अगं, त्यांना कळलं कसं नाही? पाच मिनिटं हात भाजत होता.” मी चहावर फुंकर मारली. “सांग ना. मी कुणाला बोलणार नाही.” माझ्या मनगटावर फूटपट्टीचा वळ होता, त्याच्यावर मी बोट फिरवत होते. मी म्हटलं, “त्या हाताला काही कळत नाही. त्यांना कुष्ठरोग झालाय.”

मी तो शब्द वापरला. करडूसुद्धा तो शब्द वापरत नव्हतं, चट्टा म्हणायचं. मी दोन शब्द पुढं म्हणू शकत होते. बरा झालाय, लागत नाही. सगळं पाठ होतं मला. नाही म्हटलं. मॅडमनी कप खाली ठेवला. उठल्या, नळावर गेल्या, आणि तोंड धुवायला लागल्या. ओठ. परत परत. सकाळचा मुका. मी बघत होते, आणि आबा, मला बरं वाटलं. फूटपट्टीचं उट्टं निघालं असं वाटलं. चहा गोड होता, मी तो पुरा प्यायले.

हे उत्तर. साताऱ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं नाही. तुम्ही त्याच्यावर शेवटपर्यंत दात धरून होता, त्याला सोडा आता. मी सांगितलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते, कारण ते तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाही. टीव्हीवाले ‘उरलेलं नंतर कळवतो’ म्हणाले. कळवलं नाही. मालिका लागली. रविवारी सकाळी निम्मी चाळ आपल्या खोलीत. “आलं, आलं, मास्तरचं करडू आलं!” नवीन करडू, कोरा मोजा, आत दुसऱ्या कुणाचा तरी हात. चाळीला काय कळतंय. टाळ्या वाजवल्या लोकांनी. तुम्ही खुर्चीत, हाताला पट्टी, म्हणालात, “व्हय, साताऱ्याला झालं शूटिंग. लय उकडत हुतं.” आणि शेवटची पाटी वर सरकायला लागली की तुम्ही उठून टीव्ही बंद करायचा. “बास. पोरांचं डोळं जात्यात.” तेरा रविवार. नाव कुणालाच वाचू दिलं नाहीत. पहिल्या रविवारी माणसं गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, “मान चुकतीया त्येची. बोलायच्या आधी बघायला पायजे, ह्यो बोलून मग बघतोय.” मग म्हणालात, “आन् ते हसू जमणार न्हाई त्येला. त्यासाठी बोटं वाकडी लागत्यात.” आणि खरंच हसलात. मी बाहेर नळावर गेले.

जखम भरली नाही. साखर निघाली, जखम परत उघडली, दोन बोटं काढली. तरी शाळेत जात होता, डाव्या हातानं फळ्यावर लिहीत. दोन वर्षांनी विष अंगात गेलं. मिरजेला तुम्ही तेच विचारलंत, आणि मी संत्रं सोललं.

इथवर सांगितलं की हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. कारण हे मोठं आहे, आणि मोठं सांगून माणूस सुटतो. पोर होती, रागात बोलली, असं कुणीही म्हणेल. तुम्हीही म्हणाल. पण एक बारकं आहे, त्याला रागाचं कारण नाही, आणि फूटपट्टीच्या कितीतरी आधीचं आहे.

करडानं मला चट्ट्याचं सांगितलं त्याच रात्रीपासनं मी तुमचं ताट वेगळं घासायची. सगळ्यांची झाली की शेवटी, वेगळ्या राखेनं, वेगळ्या काथ्यानं, आणि मग माझे हात कोपरापर्यंत साबणानं. ताटाच्या कडेला मी खिळ्यानं एक रेघ मारली होती, ओळखायला. आईला माहीत नव्हतं. मला वाटायचं तुम्हालाही नाही. मग एक दिवस जेवण झाल्यावर तुम्ही उठलात, आपलं ताट उचललंत, नळावर बसलात आणि त्या वाकड्या बोटांनी घासायला लागलात. आई म्हणाली, “आवं, ठेवा की, पोरगी घासतीया.” तुम्ही म्हणालात, “हाताला व्यायाम सांगितलाय डाक्टरनं.” अंगठा त्या रेघेवरनं फिरला, मी बघितलं. पुढं रोज तुम्हीच घासलंत, शेवटपर्यंत, आणि मी एकदाही म्हटलं नाही, आणा इकडं.

सांगलीची लागली. कंडक्टर ओरडतोय. तुम्ही तोंड उघडू नका. मी निघाले.